चिंधीगिरी

सहा टेबल मॅट्स, किंमत अठराशे रुपये. बाणेरला एका मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये पार्टी होती, तेव्हा तिने त्या मोठ्या कौतुकाने टेबलावर मांडल्या. "पॅचवर्क आहे गं, क्विल्टेड! एकदम आजीच्या गोधडीचा फील येतो ना?"

येत होता की! लाल, मोरपंखी, हळदी... छोटे छोटे चौकोन, मध्येच एखादा खणाचा, एखादा फुलाफुलांचा. पण मला एक खोड आहे. कापड हातात आलं की मी ते आधी उलटं करून बघते. ज्यांची आई शिवणकाम करते त्या सगळ्या मुलींना ही खोड असावी. तर मी मॅट उलटी केली, पुन्हा सुलटी केली, नखाने एका चौकोनाची कड चाचपली आणि गंमत कळली. तुकडे जोडलेले नव्हतेच. अख्खं एकच कापड होतं आणि त्याच्यावर तुकडे छापलेले होते. धावदोऱ्याचे टाकेसुद्धा छापलेले! वरून मशीनने चार सरळ रेघा मारल्या होत्या, बस्स.

मैत्रिणीला काही बोलले नाही. नव्या घरात पहिल्याच दिवशी कोण असलं सांगणार? पण परत येताना कॅबमध्ये डोक्यात तेच चालू होतं. म्हणजे आता चिंध्यांचाही डुप्लिकेट माल निघाला तर! आणि आमच्याकडे खऱ्या चिंध्या गोणीने होत्या. त्यांचं पुढे काय झालं?

इथे थोडा फ्लॅशबॅक. आम्ही चिंचवडला राहायचो. दोन खोल्या आणि पुढे छोटासा ओटा. २००५ मध्ये बाबांची भोसरीतली कंपनी बंद पडली आणि पुढच्या महिन्यात आमच्या गेटवर पत्र्याची पाटी लागली - 'फॉल-पिको करून मिळेल'. मग ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे, ड्रेसला चेन बसवणं, सगळंच. आईचं पायमशीन खिडकीशी होतं आणि मशीनखाली सिमेंटच्या गोणीपासून केलेली एक पिशवी. त्यात कातरणं. ब्लाऊज कापताना उरलेले कोपरे, बाहीचे अर्धगोल, काठाच्या पट्ट्या. त्या पिशवीतून आमचं अर्धं घर निघायचं. पायपुसणी, बसकरं, मिक्सरचं कव्हर, तवा उतरवायचं मसोतं, भाकरीच्या टोपलीत घालायचं जाड कापड. फ्रिजच्या हँडललाही कपडे होते आमच्याकडे. (नव्वद-दोन हजारच्या दशकात वाढलेल्यांनो, हसू नका, तुमच्याकडेही होते.)

दादाला नोकरी लागली आणि तीन वर्षांनी आईने पाटी काढली. त्या दिवशी तिने मशीनला कव्हर घातलं आणि पुन्हा फारसं काढलं नाही. मी मात्र मास कॉम केलं, एका ऑफिसात चार वर्षं काढली आणि आता फ्रीलान्स करते. फ्रीलान्स म्हणजे काय ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेलच. काम आज, पेमेंट देव देईल तेव्हा. त्या महिन्यात तीन स्टोऱ्यांचे पैसे अडकले होते आणि हातात वेळच वेळ होता. शनिवारी सकाळी लोकल पकडली आणि चिंचवडला थडकले. "आई, मला मशीन शिकव. मला पॅचवर्क करायचंय."

मला वाटलं होतं, आई खूश होईल. आई म्हणाली, "कशाला ती चिंधीगिरी? बाजारात काय मिळत नाही?"

हा पहिला धक्का. आपल्या डोक्यात आईचं शिवणकाम म्हणजे कसं, दुपारचं ऊन, मशीनचा आवाज, रंगीबेरंगी तुकडे, सगळं एकदम सेपिया टोनमध्ये. तिच्या डोक्यात पाठ. पाठ, डोळे, आणि 'आज संध्याकाळी लग्नाला जायचंय, ब्लाऊज झाला का?' असं विचारत दारात उभी असलेली बाई. "मला आवडायचं म्हणून नव्हते करत गं," ती म्हणाली. "विकत आणायला पैसे नव्हते म्हणून करत होते. पहिल्या पगारातनं दादाने पायपुसणी विकत आणली ना, तेव्हा मला किती बरं वाटलं माहितीये?"

पण दिवाणाच्या खणात तळाशी कातरणांची एक पिशवी उरली होती. ती तिने दिली. वर म्हणाली, "काय करायचं ते कर. मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि सुरुवात सोप्पी म्हणून मसोत्यापासून केली, म्हणजे गरम भांडं धरायचं आठ इंची चौकोनी पॅड. पिशवीतून सगळ्यात सुंदर तुकडे निवडले. एक जांभळा चमकदार, एक जरीचा, एक गुळगुळीत पिस्ता. मध्ये थर हवा म्हणून पार्सलमधून आलेला पातळ फोम घातला. दिसायला असलं सही झालं! फोटो काढला, ग्रुपवर टाकला, बावीस लाइक्स. मग दुपारी आईने भाकरी केली आणि मी ऐटीत माझं पॅड घेऊन तवा उतरवायला गेले.

पिस्ता रंग तव्याला चिकटला. जांभळा आक्रसून त्याची गोळी झाली. फोमचा जो वास सुटला तो संध्याकाळपर्यंत घरात होता.

आई काही बोलली नाही. तिने पिशवी मोरीत ओतली आणि काडेपेटी घेऊन बसली. एकेका तुकड्याचा दोरा ओढून काढायचा, चिमट्यात धरायचा, काडी लावायची. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मागे राखाडी राख उरते, बोटाने चुरडली की उडून जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. टेरिकॉट यांच्या मधलं, कारण त्यात दोन्ही असतात. पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं आणि भाकरीचा तवा तिथवर सहज जातो. हे मी नंतर वाचलं. आईला आकडा माहीत नव्हता, पण तिचे तीन ढीग अर्ध्या तासात तयार होते. "हे चुलीपाशी. हे पायपुसण्याला. हे पिशव्यांना." जरीचा तुकडा तिने वेगळा काढला. "हा चुलीपाशी नको आणि त्या तुमच्या मायक्रोवेव्हपाशीही नको." बरोबरच आहे, जरीत धातू असला तर आत ठिणग्या उडू शकतात.

म्हणजे 'मला विचारू नकोस' म्हणणारी बाई न विचारताच सुरू झाली होती.

पुढचे चार-पाच शनिवार माझे चिंचवडला गेले. आई शिकवत नाही, आई चुका काढते. फोम फेकून दे, मध्ये जुना टॉवेल घाल, दोन पदरी. टॉवेलच्या फासांमध्ये हवा राहते, तीच हाताला चटका लागू देत नाही. आणि ओल्या मसोत्याने तवा धरायचा नाही, पाण्यातून उष्णता भसकन हाताला येते. तुकडे आधी धुऊन घ्यायचे, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. एक तुकडा धुतलेला आणि शेजारचा कोरा असेल तर शिवल्यावर पहिल्याच धुण्यात सगळं वेडंवाकडं होतं. गडद लाल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघायचं, रंग लागला तर तो तुकडा अजून दोनदा धुवायचा. शिवणीला पाव इंच सोडायचं, सगळीकडे सारखं. एका तुकड्याला थोडं जास्त, दुसऱ्याला थोडं कमी, असं नऊ तुकड्यांत केलंत तर चौकोनाचा पतंग होतो. माझा झाला. दोन पतंग अजून आहेत माझ्याकडे.

सगळ्यात मोठी चूक मात्र तीन थर एकत्र शिवताना व्हायची. वरचा जोड, मधला टॉवेल, खालचं अस्तर. मी कडेपासून सुरुवात करायचे आणि मध्ये आले की कापडाला फुगा यायचा. "मधनं सुरू कर आणि बाहेर ये," आई म्हणाली. "घडी झटकतो तसं. जास्तीचं कापड बाहेर जायला नको का?" चार थरांना नेहमीची बारीक सुई मोडते, सोळा नंबर लावायची. कडेला पट्टी उरेब कापायची, म्हणजे तिरकी, तर ती कोपऱ्यावर वळते. सरळ पट्टी कोपऱ्यात हट्ट करते.

आणि याच सगळ्यात एकदा ती सहज बोलून गेली. मी पिशवीतला एक मोठासा तुकडा उचलला, तर म्हणाली, "हा कसा राहिला इथे? वीतभर कापड उरलं तर गिऱ्हाइकाला ब्लाऊजबरोबर परत द्यायचं. त्याहून लहान असेल ते माझं. पहिल्यापासून असंच होतं."

माझ्या हातातली कात्री थांबली. का, ते सांगते.

पाचवीत असताना आईने मला डब्याची पिशवी शिवली होती. आत जुन्या शालीचा थर, त्यामुळे डबा मधल्या सुट्टीपर्यंत कोमट राहायचा. बाहेरून तुकडे, आणि मधोमध जांभळ्यावर सोनेरी बुट्टीचा एक तुकडा. मला ती जाम आवडायची. मग एक दिवस वर्गातल्या एका मुलीने पिशवी हातात घेतली, नीट बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हा तर माझ्या आईच्या ब्लाऊजचा तुकडा आहे! तुझी आई कापड ठेवून घेते?"

बाकीच्यांना तेवढंच पुरलं. वर्षभर माझं नाव 'चिंधी' होतं. पुढच्या सोमवारी घरी येताना मी ती पिशवी बसच्या मागच्या सीटवर ठेवली आणि उतरले. रिकाम्या डब्यासकट. घरी सांगितलं, हरवली. आई बिचारी दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन विचारून आली. आणि रविवारी? रविवारी दुसरी पिशवी तयार. तसलीच. मी ती सातवीपर्यंत वापरली, दप्तराच्या आत लपवून.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे, त्या मुलीचं म्हणणं खोटं आहे असं मला तेव्हा छातीठोकपणे वाटलं नव्हतं. विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

दरम्यान माझं काम जरा सुधारलं. ग्रुपवर फोटो गेले, ऑर्डरी आल्या. डझनभर मसोती, एकशे वीस रुपयांना एक. (ग्रुपवर मी 'पॉट होल्डर' लिहिलं होतं, मसोतं म्हटलं असतं तर चाळीसला मागितलं असतं.) खुशीत हिशोब मांडला. कापणं, जोडणं, इस्त्री, तीन थरांची शिवण, कडेची पट्टी हाताने... एका नगाला दीड तास. बारा नगांना अठरा तास, चौदाशे चाळीस रुपये. तासाला ऐंशी. दोरा आणि कुरिअर वेगळंच. आणि कापड फुकट!

आईला सांगितलं तर तिला हसू आलं. "माझं एका साडीचं फॉल-पिको तीस रुपयांना व्हायचं. फॉल हाताने लावायचा, पाऊणएक तास. वर 'काकू, पाच रुपये कमी करा ना'." बाणेरच्या त्या अठराशेच्या मॅट्स मला उगाचच आठवल्या. तिथे कुणाचेच हात लागले नव्हते, म्हणून परवडत असावं.

मग मी तिला जीज बेंडची गोष्ट सांगितली. एका लेखासाठी वाचलं होतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावरची ही वस्ती, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांची. घरात थंडी, पैसे नाहीत, म्हणून बायका शेतावरच्या फाटक्या पँटींच्या गोधड्या शिवायच्या. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. पुढे सत्तरच्या दशकात त्यांना सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं आणि त्यातलं उरलेलं कातरण गावातल्या गोधड्यांमध्ये गेलं. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या. मोठमोठ्या चित्रकारांशी तुलना झाली. २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली.

आई कातरणाची गोष्ट कान देऊन ऐकत होती. "म्हणजे ऑर्डरीतलं उरलेलंच की," ती म्हणाली. "आणि मग त्या बायकांना पैसे मिळाले का?"

पत्रकार मी, पण प्रश्न तिने विचारला. काही मिळाले, पण किती आणि कुणाला यावरून २००७ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या होत्या, पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं, असं मी सांगितलं. "बघ," आई म्हणाली आणि दोरा तोडला.

शेवटच्या शनिवारी डझन पूर्ण होत आलं होतं. बाहेर पाऊस, ओट्यावर वाळत घातलेली माझी मसोती आत आणून खुर्च्यांवर टाकलेली. आई पट्टी घालायला सुई ओवत होती. चष्मा कपाळावर, दोरा ओठांत. मी म्हटलं, "आई, माझी डब्याची पहिली पिशवी आठवते? ती हरवली नव्हती. मी बसमध्ये मुद्दाम ठेवली होती."

"कुठली? जांभळी?"

"हो."

तिने दोरा ओवला, गाठ मारली. "मला वाटलं बंद आखूड झाला म्हणून तू खांद्यावर घेत नाहीस. सीटवर काढून ठेवतेस आणि विसरतेस. म्हणून दुसरीला बंद लांब केला होता. गळ्यात अडकवता येईल असा."

हे मला माहीत नव्हतं. दुसरीचा बंद लांब होता हेही आता आठवलं. दप्तरात कोंबताना तो नेहमी बाहेर लोंबायचा, आणि माझी चिडचिड व्हायची.

"पण का ठेवलीस?"

मी सांगितलं. ती मुलगी, जांभळा तुकडा, तिचं वाक्य जसंच्या तसं. 'चिंधी' नावाचं मात्र नाही सांगितलं.

आईची सुई थांबली. पहिल्यांदा बघत होते मी ती अशी थांबलेली. "त्यांचं पाऊण वीत उरलं होतं," ती म्हणाली. वीस वर्षं होत आली, आणि तिला माप आठवत होतं! मग मान वर करून विचारलं, "तुला काय वाटलं तेव्हा?"

"दहा वर्षांची होते गं मी."

"ते नाही विचारलं मी."

पावसाचा आवाज येत होता. मी कातरणं गोळा करायला लागले, उगाचच, लहान-मोठी वेगळी करत. शेवटी म्हटलं, "वाटलं होतं. थोडं."

ती काही बोलली नाही. बराच वेळ. मग खुर्चीवरचं माझं बारावं मसोतं उचललं, उलटं केलं, चारही कोपरे एकेक करून अंगठ्याने दाबून बघितले. तिसऱ्या कोपऱ्याशी थांबली आणि ते माझ्या मांडीवर टाकलं. वर ब्लेड.

"हा कोपरा उसव," ती म्हणाली. "आत टॉवेल गोळा झालाय."